मेमरी कमी केली आणि जुना संगणक वेगवान झाला

पंचवटीतील आमच्या घरी १९९७ सालच्या घडणीचा, पेंटियम एमएमएक्स प्रोसेसर आणि इंटेलचा ४३०टीएक्स चिपसेट (प्रोसेसर, मेमरी आणि इतर भाग जोडणारा चिपांचा संच) असलेला संगणक अजून चालू आहे. वडिलांच्या हिशेबाच्या जुन्या फायली त्यावरील विंडोज ९८ मध्येच उघडतात. मागे एका दुरुस्तीत त्याची मेमरी वाढवून १२८ मेगाबाइट केली गेली, आणि तेव्हापासून साधा फोल्डर उघडतानाही तो रेंगाळू लागला. कारण चिपसेटमध्ये आहे: तो पहिल्या ६४ मेगाबाइटांपुरतीच दुसऱ्या स्तराची कॅश (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) वापरू शकतो, आणि विंडोज ९८ मेमरीचा वापर वरच्या टोकाकडून सुरू करत असल्याने नेमका कामाचा भाग कॅशविना राहतो. म्हणून मी मेमरीच्या दोनपैकी एक पट्टी काढून ६४ मेगाबाइटच ठेवले, आणि फरक लगेच जाणवला. (जास्त मेमरी म्हणजे जास्त वेग, हा दुकानांतला लाडका सल्ला येथे लागू पडत नाही.) त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्ड डिस्कच्या पुढे डीएमएची (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी थेट देवाणघेवाण करण्याच्या सोयीची) खूण केली, त्यामुळे डिस्क आणि मेमरी यांच्यातील ने-आणीचा भार प्रोसेसरवरून उतरला. संगणकातल्या घड्याळासाठीचा सेल मेन रोडवर सहज मिळाला. घरघरणाऱ्या डिस्कऐवजी आयडीई (जुन्या डिस्कच्या जोडणीचा प्रकार) अडॅप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड बसवणे मात्र बाकी आहे. त्यापूर्वी सर्व फायलींची प्रत दुसरीकडे घेणार आहे.