नाशिकच्या मित्राकडे मुक्काम आणि रविवारी हरिहर : दोन दिवसांचा प्लॅन असा करा

कॉलेजचे मित्र वेगवेगळ्या गावांना पांगले की भेटी लग्नातच होतात, आणि लग्नात धड बोलणं होत नाही. आम्ही सहाजण मुंबई, पुणे आणि नाशिकचे. एकजण नाशिकला आहे म्हणून गेली काही वर्षं त्याच्याकडे जमतो आणि एखादा किल्ला करतो. त्यातला हरिहर सगळ्यांना आवडला, म्हणून तोच धरून सांगते.

आधी तारीख. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. पावसाळ्यात हरिहर दिसतो अप्रतिम, पण पायऱ्या निसरड्या होतात, वर जत्रेसारखी गर्दी, आणि गर्दीमुळे वनखातं कधी कधी शनिवार-रविवारची बंदीही घालतं, त्यामुळे निघायच्या दोन दिवस आधी पायथ्याच्या गावात कुणाला तरी फोन करून विचाराच. तारीख ठरली की ग्रुपवर एकच प्रश्न टाका, उंचीची भीती कुणाला वाटते? हे आधी कळलेलं बरं. कुणाला खरंच जमणार नसेल तर त्र्यंबकचा ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी करा, तेही मस्त आहेत आणि कुणी एकटं खाली बसून राहत नाही.

शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी पोचा. मुंबईवाल्यांनी रेल्वेने यावं, नाशिकरोडला उतरावं, स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे म्हणून कुणीतरी घ्यायला येईल असं बघा. पुण्याहून रस्ता दोनशे किलोमीटरच्या वर आहे, चाकणच्या ट्रॅफिकमधून सुटायचं असेल तर पहाटेच निघा.

शनिवार पूर्ण गप्पांसाठी ठेवा, हे मी आवर्जून सांगते. मिसळ खा, गोदाघाटावर चक्कर मारा, मित्राच्या आईवडिलांपाशी तासभर बसा. आम्ही एकदा शनिवारीही एक किल्ला कोंबला होता, रात्री जेवताना सगळे पेंगत होते आणि ज्यासाठी आलो ते बोलणं राहूनच गेलं. मात्र रात्री साडेदहाला दिवे बंद, कारण पहाटे साडेचारला उठायचंय.

बॅग शनिवारी संध्याकाळीच भरा. माणशी तीन लिटर पाणी, चांगल्या ग्रिपचे बूट, टोपी, सुका खाऊ. पाठीवर घट्ट बसणारी छोटी सॅक हवी, हातात किंवा खांद्याला लटकणारं काहीही नको. खाण्याचं सगळं सॅकच्या आत, कारण वर माकडं आहेत आणि ती हातातली पिशवी सरळ ओढतात. काकू दरवेळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी देतात, तो डबा सॅकच्या तळाशी जातो.

पाचला नाशिक सोडा, त्र्यंबकमार्गे निरगुडपाड्याला साधारण दीड तासात पोचता. हर्षेवाडीकडूनही वाट आहे आणि ती चढायला कमी आहे, लहान मुलं बरोबर असतील तर ती घ्या. गावात एखाद्या घरी दुपारच्या पिठलं-भाकरीचं आधीच सांगून ठेवा, किती माणसं तेही सांगा. मग पायऱ्यांपर्यंतची चाल दीड-दोन तासांची, मध्ये झाडी, मध्ये उघडं पठार. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे ग्रुप तुटत नाही.

आणि मग त्या पायऱ्या. उभ्या कातळात कोरलेल्या, शिडी टेकवून ठेवावी तशा. गर्दी नसताना त्यांच्यापाशी पोचायचं म्हणून तर एवढ्या पहाटे निघायचं. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना खोबण्या आहेत, शेकडो वर्षांच्या हातांनी कडा गुळगुळीत झालेल्या, सकाळी त्यात बोटं घातली की दगड थंडगार लागतो. चार बोटं पूर्ण आत जाऊ द्या, मगच पाय उचला. दोघांत चार-पाच पायऱ्यांचं अंतर ठेवा. वरून कुणी उतरत असेल तर खालीच थांबा. मध्येच सेल्फी नाही, फोन चेनच्या खिशात.

पायऱ्या संपल्या की दरवाजा, पुढे कातळाच्या पोटातून वाकून जायची वाट, परत पायऱ्या, मग माथा. उंची सुमारे ११२० मीटर. वर मारुती, महादेव, तळं आणि एक दगडी कोठार आहे. समोर भास्करगड, ब्रह्मगिरी, खाली वैतरणेचं पाणी. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी हा किल्ला स्वराज्यात आणला, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. डबा इथेच उघडा, तासभर बसा.

उतरताना तोंड कातळाकडे. खूप जण चढताना बिनधास्त असतात आणि उतरताना तोंड दरीकडे करतात. आमची एक मैत्रीण तशीच निघाली आणि सातव्या-आठव्या पायरीवर तिचे पाय लटपटायला लागले, पुढे जाता येईना, मागे वळता येईना. मग एकजण तिच्या खाली जाऊन थांबला, तिला हळूहळू कातळाकडे वळवलं आणि एकेक पाऊल तो हाताने खोबणीत टेकवत गेला, "आता डावा, टेकला, आता उजवा" असं शेवटच्या पायरीपर्यंत. घाबरणाऱ्याच्या खाली एक आणि वर एक माणूस हवाच, आणि कुणी वरून आवाज चढवून घाई करू नये.

बारापर्यंत गावात या, जेवा, त्र्यंबकला थांबून पेढे घ्या. ते काकूंच्या धुतलेल्या डब्यात भरायचे, रिकामा डबा परत द्यायचा नाही. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट मात्र सहाच्या आधीचं काढू नका.