परवान्याचं पिस्तूल निवडताना

लष्करात ९ मिमीचं पिस्तूल युनिटच देतं. निवडीचा प्रश्न येतो तो खासगी वापरासाठी. ९ × १९ मिमी बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचं माप) सामान्य नागरिकाला निषिद्ध, म्हणून .३२ बोअरचं बघा. आधी परवाना: नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय.

दुकानात आधी मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढा, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची खात्री करा. मग सर्वाधिक वेळ द्या मॅगझिनच्या वरच्या, आत वळलेल्या कडांना. त्या वाकल्या असतील तर गोळी तिरकी वर येते, टोक चेंबरच्या तोंडाशी धडकतं आणि स्लाइड अर्ध्यावर अडते. लोक मात्र पॉलिशच बघत बसतात!

इगतपुरीकडच्या पावसात पिस्तूल चामडी होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं, स्लाइड गंजते.