गुलबक्षीच्या झाडांवरून जनुकीय समतोल कसा तपासावा

जनुकीय समतोल, म्हणजे झाडांच्या गटातील जनुकांच्या रूपांचे प्रमाण पिढ्यानपिढ्या स्थिर राहणे, पारखायला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. खानापूर किंवा निपाणीच्या परसात तिन्हीसांजेला उमलणारी गुलबक्षी त्यासाठी पुरते. तिच्यात लाल रंगाचा ॲलील (जनुकाचे एक रूप) पांढऱ्यावर पूर्ण मात करत नाही, त्यामुळे दोन्ही ॲलील असलेले झाड गुलाबी फुलते आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. पिवळी व ठिपक्यांची झाडे मोजणीतून वगळावीत, कारण तेथे रंगाचा हिशेब इतका सरळ राहत नाही. एका कंदाचे सारे फुटवे एकच झाड धरावे.

मोजण्यापूर्वी समुदायाची, म्हणजे आपसात संकर होणाऱ्या झाडांच्या गटाची, हद्द ठरवावी. माझ्या मते खरी कसोटी येथेच आहे. निपाणी आणि कागल यांच्यामधून राज्यांची सीमा जाते, पण पराग वाहणाऱ्या पतंगांना ती ठाऊक नसते. उलट एकाच तालुक्यातील, पण एकमेकांपासून लांब असलेली दोन गावे दोन वेगळे समुदाय असू शकतात.

समजा, 100 झाडांत 42 लाल, 36 गुलाबी आणि 22 पांढरी निघाली. प्रत्येक झाडात दोन, म्हणजे एकूण 200 ॲलील; त्यांपैकी लाल 84 + 36 = 120. म्हणून लाल ॲलीलची वारंवारता ल = 0.6 आणि पांढऱ्याची प = 0.4. इंग्लंडचे गणिती हार्डी आणि जर्मनीचे वैद्य वाइनबर्ग यांनी 1908 साली स्वतंत्रपणे दाखवले की समुदाय मोठा असेल, संकर स्वैर होत असेल आणि उत्परिवर्तन (जनुकात अचानक होणारा बदल), स्थलांतर व नैसर्गिक निवड यांचा हात लागत नसेल, तर झाडांचे प्रमाण ल², 2लप आणि प² असे पडते. येथे ते 36, 48 आणि 16 यायला हवे.

आता प्रत्येक रंगातील फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित संख्येने भागावे: 1 + 3 + 2.25 = 6.25. पाच टक्के पातळीवरची, म्हणजे समतोल असताना निव्वळ योगायोगाने शंभरात पाचदाच ओलांडली जाणारी, मर्यादा 3.84 आहे, म्हणजे हा समुदाय समतोलात नाही. गुलाबी झाडे 12 ने कमी आहेत.

याची दोन कारणे संभवतात. गुलबक्षीचे फूल मिटताना पुंकेसर आणि कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) एकत्र गुंडाळले जातात व स्वपरागण, म्हणजे स्वतःच्याच परागाने फलन, घडते. निव्वळ स्वपरागणात गुलाबींचे प्रमाण दर पिढीला निम्मे होते. दुसरे कारण अधिक फसवे आहे. एका गावात 50 झाडे, सगळी लाल, आणि दुसऱ्यात 50, सगळी पांढरी असतील, तर दोन्हींची बेरीज केल्यावर 50 गुलाबी अपेक्षित ठरतात आणि सापडत एकही नाही. यासाठी वहीत प्रत्येक झाडापुढे गाव लिहावे. गावनिहाय हिशेबात तूट नाहीशी झाली, तर दोष हद्द आखण्यात होता. तशीच राहिली, तर स्वपरागणाकडे वळावे.