व्हॅक्यूम क्लीनर बंद पडला? आधी कार्बन बघा

दुकानात नेलात की झाकणसुद्धा न उघडता ऐकवतात, 'मोटार गेली, नवीनच घ्या.' बहुतेक वेळा मोटार शाबूत असते. बिघाड कुठला ते घरीच ठरवता येतं. प्लग मात्र आधी काढा.

मशीन चालतंय पण ओढत नाही? मग मोटारीला हात लावायचं कारणच नाही. पिशवी रिकामी करा, फिल्टर झटका. पाइप सोडवून त्यात रुपयाचं नाणं टाका. दुसऱ्या टोकाने खाली आलं नाही तर पाइपात बोळा अडकलाय. फरशी कापल्यावरची किंवा पीओपीची भुकटी ओढली असेल तर फिल्टर सरळ बदला. आमच्याकडे पावसाळ्यात, बेळगावजवळच्या खानापूरकडे तर जास्तच, धुतलेला फिल्टर दोन-दोन दिवस वाळत नाही. दमट फिल्टर बसवला की तांबड्या मातीचा त्यावर गिलावा होतो आणि ओल मोटारीपर्यंत जाते. जून ते सप्टेंबर नुसतं झटकायचं, धुवायचं नाही.

चालता चालता बंद पडून तासाभराने आपोआप सुरू होतं? हवा अडल्याने मोटार तापते आणि थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर आपोआप उघडणारा छोटा स्विच, तिची वीज तोडतो. वाट मोकळी करा. कटआउट बायपास करून देणारे हुशार भेटतात, त्यांच्या दारात जाऊ नका.

अजिबातच सुरू होत नसेल तर मल्टिमीटरने वायर तपासा; ती प्लगजवळ किंवा मशीनमध्ये शिरते तिथेच तुटते. वायर आणि स्विच ठीक असतील तर कार्बन, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे काळे ठोकळे.

खरं काम इथे आहे. मोटारीच्या दोन्ही बाजूंना एकेक होल्डर असतो, त्यात स्प्रिंगने दाबलेला कार्बन. स्क्रू सैल करताना वर कापड धरा, नाहीतर स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते. कार्बन 5-6 मिलिमीटरच उरला असेल तर बदला, आणि दोन्ही बदला. एकच बदलायचा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी बदललेला नसतो. जुना नमुना घेऊनच मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे जा. लांबी चालवून घेता येते, रुंदी आणि जाडी नाही. नवा कार्बन होल्डरमध्ये बोटाने ढकलला की सरकला पाहिजे आणि स्प्रिंगने परत आला पाहिजे. अडकत असेल तर बारीक पॉलिश पेपरवर बाजू हलक्या घासा. ठोकून बसवलेला कार्बन झिजेल तसा पुढे सरकत नाही, मग ठिणग्या उडतात आणि कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता गोल, जळतो.

नव्या कार्बनचं तोंड सपाट असेल तर कम्युटेटरवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून गुंडाळा आणि त्यावर कार्बन मागेपुढे फिरवून गोलाई आणा. काळा कम्युटेटरही पॉलिश पेपरनेच पुसा. एमरी पेपर अजिबात नको, त्याचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसतात. तेलाचा फवारा तर मुळीच नको. शेवटी भुकटी फुंकून काढा.

मग नळी न लावता दहा-पंधरा मिनिटं मोकळं चालवा. सुरुवातीला बारीक निळसर ठिणग्या दिसतात, चालायचंच. पण कम्युटेटरभोवती आगीचं कडंच फिरत राहिलं तर आर्मेचर, म्हणजे मोटारीचा तार गुंडाळलेला फिरता भाग, गेलंय. वाइंडिंगचा, म्हणजे तार नव्याने गुंडाळण्याचा, दर विचारा. नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर त्यात पैसे घालू नका.