शाळेचा ओपन डे: भाषण आवरा, फेरी नीट करा

ओपन डे, म्हणजे प्रवेशाआधी पालकांना शाळा दाखवायचा दिवस, कसा करावा याचे सल्ले बहुतेक वेळा फुगे, बॅनर, ड्रोनचा व्हिडिओ आणि सेल्फी पॉइंट इथेच संपतात. सांगलीहून पहाटे निघून पसरणी घाट चढून आलेलं कुटुंब त्यासाठी येत नाही. दहा-अकरा वर्षांचं आपलं लेकरू इथे ठेवायचं की नाही, हे ठरवायला ते येतं. पाचगणीच्या एका निवासी आंतरराष्ट्रीय शाळेत मी प्रवेशाचं काम बघते, दरवर्षी दोन ओपन डे करते, आणि सगळी आखणी या एका प्रश्नाभोवती करते. खुर्च्या, माइक, पार्किंग, जनरेटर तुमचं तुम्ही बघालच.

तारीख

शनिवार धरा आणि त्या दिवशी शाळा चालू ठेवा. रविवारी रिकामे वर्ग दाखवून काहीही साधत नाही. जून ते सप्टेंबर सोडून द्या, पाऊस आणि घाटातलं धुकं यात लांबची माणसं निघतच नाहीत. नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्याही नकोत, पर्यटकांच्या गाड्यांनी घाट तुंबतो. फेब्रुवारीत मोठी मुलं सराव परीक्षांत अडकलेली असतात. मला दिवाळीची सुट्टी संपून मुलं रुळल्यानंतरचा शनिवार आणि जानेवारीतला एखादा, असे दोन दिवस सोयीचे पडतात.

निमंत्रण मराठी आणि इंग्रजी दोन्हींत पाठवा आणि त्यात ‘आजी-आजोबांनाही घेऊन या’ असं स्पष्ट लिहा. आपल्याकडे होकार पुष्कळदा त्यांचा असतो. एका दिवसाला पंचवीस कुटुंबं पुरे. जास्त नावं आली तर दुसरा दिवस ठेवा.

स्वागत

घाटात गाडी लागलेली मुलं असतात. आधी स्वच्छतागृह, पाणी, लिंबू सरबत, फॉर्म नंतर.

हॉल

भाषणाला वीस मिनिटं, त्यावर एक मिनिटही नाही. प्राचार्यांनी निम्मं मराठीत बोलावं. ते अमराठी असतील तर त्यांचं झाल्यावर दुसऱ्या कुणीतरी सगळं मराठीत सांगावं.

फेरी

ओपन डे जमतो किंवा फसतो तो फेरीत, आणि हे उमगायला मला तीन वर्षं लागली.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांना एकाच रांगेत फिरवलं. पुढे उपप्राचार्य, मागे चाळीस-पन्नास माणसं. फिजिक्सच्या लॅबमध्ये निम्मीच मावली, बाकीची पॅसेजमध्ये मोबाइल बघत उभी राहिली. मेसपाशी तासगावच्या एका बागायतदार वडिलांनी फेरीत सोबत असलेल्या आमच्या सातवीतल्या विद्यार्थ्याला विचारलं, “बाळा, रात्री भूक लागली तर काय करतोस?” मुलगा तोंड उघडणार तोच आमचे शिक्षक पुढे झाले आणि म्हणाले, “आमचा मेनू आहारतज्ज्ञांनी ठरवलेला आहे.” वडिलांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही आणि ते कुटुंब पुन्हा आलं नाही. संध्याकाळी मी त्या मुलाला गाठलं. तू काय सांगणार होतास रे? तो म्हणाला, “नऊ वाजता दूध-बिस्किटं मिळतात. तरी भूक लागली तर मेट्रन मावशींकडे चिवड्याचा डबा असतो.”

त्या वडिलांना हवं ते उत्तर हेच होतं, आणि ते आमच्या हातून गेलं.

आता एका गटात तीनच कुटुंबं. प्रत्येक गटाला दोन मुलं गाईड म्हणून, एक सहावी-सातवीतलं, एक नववी-दहावीतलं. हेडबॉय आणि हेडगर्ल यांना मी या कामाला घेत नाही, कारण पाहुण्यांपुढे बोलून बोलून त्यांची भाषा माहितीपत्रकासारखी झालेली असते. जे मूल पहिल्या टर्मला रोज रात्री रडायचं आणि आता रुळलंय, ते सगळ्यात चांगलं गाईड. अर्थात त्याला विचारून, त्याची मनापासून तयारी असेल तरच.

पाठांतर अजिबात देऊ नका. मी मुलांना रस्ता सांगते, वेळ सांगते आणि एवढंच बजावते, की माहीत नसेल तर ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ असं म्हणायचं. फी किंवा कुणाच्या आजारपणाबद्दल कुणी विचारलं तर मोठ्यांकडे न्यायचं. शिक्षक गटाच्या मागे दहा पावलांवर असतात. मुलं अनोळखी माणसांबरोबर एकटी राहू नयेत, म्हणून नजरेच्या टप्प्यात. पण मुलांचं उत्तर तोडता येऊ नये, म्हणून दहा पावलं लांब. हे अंतर पाळायला शिक्षकांना जड जातं. आदल्या दिवशी बसवून सांगावं लागतं, आणि तरीही एखादे सर पुढे होतातच. त्यांना पुढच्या वेळी पार्किंगचं काम द्या.

“मुलानं भलतंच काही सांगितलं तर?” असं व्यवस्थापन दरवर्षी विचारतं. सांगू दे. गुरुवारची पोळी वातड असते असं मूल म्हणालं, की त्याच्या बाकीच्या बोलण्यावर पालकांचा विश्वास बसतो.

सगळे गट एका दिशेनं सोडू नका. निम्मे वर्गांकडून सुरू करा, निम्मे हॉस्टेलकडून, आणि दोन गटांत आठ-दहा मिनिटांचं अंतर ठेवा. वर्गात दारातून डोकावणं नको. मागच्या बाकांवर दहा मिनिटं बसू द्या, आणि त्या तासाला जे शिकवायचं होतं तेच शिक्षकांनी शिकवावं. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, हे निघण्यापूर्वीच सांगा.

हॉस्टेलला निदान पंधरा मिनिटं हवीत, कारण तिथे माणसं बोलत नाहीत, हातांनी तपासतात. आई गादी दाबून बघते. बाथरूममध्ये नळ सोडते आणि गरम पाणी येईपर्यंत हात धारेखालून काढत नाही. आजी खिडकीची कडी ओढून बघते, बाबा मोबाइलची रेंज. कुणालाही घाई करू नका. नव्या चादरी घालून एखादी नमुना खोली मांडायचा मोह होतो, तो आवरा. शेजारचं दार कुणीतरी उघडतंच.

फी आणि प्रश्न

हॉलमध्ये सगळ्यांसमोर ‘काही शंका?’ असं विचारलं की शांतता पसरते. ही माणसं चारचौघांत पैशाचं बोलत नाहीत, आणि इंग्रजी अडखळेल म्हणूनही काही जण गप्प राहतात. फेरीनंतर चहा द्या आणि प्रत्येक कुटुंबाला वेगळ्या टेबलावर दहा मिनिटं द्या. फीचा छापील कागद पहिल्याच मिनिटाला हातात ठेवा. शिक्षण शुल्क, हॉस्टेल, अनामत, गणवेश, सहली, बोर्डाची परीक्षा फी, सगळं वेगवेगळं लिहा.

दोन प्रश्न हमखास येतात. मिरजेकडची डॉक्टर मंडळी ‘नीट’चं, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचं, विचारतात. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमात, म्हणजे अकरावी-बारावीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात, सहा विषय असतात, आणि नेहमीच्या रचनेत त्यांत दोनच विज्ञान विषय बसतात. नीटला तर फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी तिन्ही लागतात. तिन्ही घ्यायचे तर आयबीची वेगळी परवानगी काढावी लागते. हे पालकांना त्याच दिवशी सांगा. दोन वर्षं आणि एवढा पैसा घातल्यावर त्यांना हे कळलं, तर तो आपला दोष. दुसरा प्रश्न मराठीचा. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानं सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक केलेलं आहे. ‘आमच्याकडे मराठी आहे’ एवढ्यावर थांबू नका. आठवड्याला किती तास, कोण शिकवतं, तेही सांगा.

आणि ओपन डेच्या दिवशी लहान मुलांची ‘छोटीशी चाचणी’ घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या 13 व्या कलमानं प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई आहे. पहिल्या उल्लंघनाला 25,000 रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला 50,000. दंड नसता तरी मी ती घेतली नसती. घाट चढून आलेल्या, पोट ढवळलेल्या मुलापुढे प्रश्नपत्रिका ठेवायची नसते.

नंतर

पाहुणे गेले की त्याच संध्याकाळी गाईड मुलांना खाऊ घेऊन बसवा आणि कुणी काय विचारलं ते त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्या. पालक मुलांना जे विचारतात ते आपल्याला विचारत नाहीत. गेल्या खेपेला पाच गटांत एकच प्रश्न आला होता: घरी फोन करायला किती वेळ मिळतो? आमच्या कागदावर त्याचा उल्लेखच नव्हता. आता फीच्या खालोखाल तीच ओळ आहे.

सोमवारी कुटुंबांना फोन करा. ‘प्रवेश कधी घेताय’ असं विचारू नका, ‘काही बघायचं राहिलं का’ एवढंच विचारा. कुणी पुन्हा यायचं म्हटलं तर पुढच्या ओपन डेची वाट बघायला लावू नका, त्याच आठवड्यात बोलवा आणि मेसमध्ये मुलांच्या पंगतीत जेवायला बसवा.