गावातला विधी स्वयंसेवक घडवताना या चुका टाळा

विधी स्वयंसेवक म्हणजे कायद्याच्या कामात गावकऱ्यांना मदत करणारा गावातलाच माणूस. त्याचं शिबिर म्हणजे दोन दिवस भाषणं, चहा-बिस्कीट, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. पुढच्या महिन्यात एखादी आजी जमिनीचा उतारा घेऊन त्याच स्वयंसेवकाच्या ओट्यावर येते, “भाऊ, मन्हं नाव काबर निंघी गयं?” (माझं नाव का निघून गेलं?) आणि उताऱ्यात नेमकं कुठे बघायचं, हेच त्याला ठाऊक नसतं.

कारण शिबिरात कलमं शिकवली, कागद शिकवला नाही. पहिल्या दिवशी हातात खरा सातबारा द्या. कंसातलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. शेजारचा आकडा फेरफाराचा, म्हणजे नावबदलाच्या नोंदीचा. तो फेरफार काढला की नाव कधी आणि कशाच्या जोरावर गेलं ते उघड होतं: वारस ठराव, वाटणी की हक्कसोड. मग तारखा. नोंद अजून मंजूर व्हायची असेल तर नोटिशीपासून १५ दिवसांत हरकत. मंजूर झाली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, मुदत ६० दिवस. मुदत टळली तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज. आणि फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे, तो दिवाणी कोर्टातच लागतो. एवढं पक्कं झालं तरी निम्मी लढाई जिंकली.

दुसरी चूक जास्त महागात पडते. ‘२००५ पासून मुलीला मुलाइतकाच वाटा’ हे वाक्य जळगावच्या बागायती पट्ट्यात आणि आदिवासी धडगावात एकाच दमात सांगितलं जातं. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २(२) मात्र सांगतं की केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे भिल्ल, पावरा, कोकणा, तडवी कुटुंबांत प्रश्न जमातीच्या रूढीपासून सुरू होतो. तिथल्या बहिणीचा हक्क संपला असा याचा अर्थ नाही. तिची बाजू वेगळी मांडावी लागते आणि ते काम वकिलाचं. अशा वेळी स्वयंसेवकाने छातीठोक आश्वासन देऊन भावंडांत आग लावू नये.

‘आधी उत्पन्नाचा दाखला आणा’ म्हणून बाईला परत पाठवणारेही भेटतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंगांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे द्यायचा, बस्स.

शिबिर दिवाळीनंतर ठेवू नका. नंदुरबारकडची माणसं तेव्हा ऊसतोडीला गुजरातेत, बाकीचा खानदेश कापसात. मग उरतात सरपंचांचे पुतणे. निवडही तशीच होते. (पुतण्यांशी वैर नाही, पण सरपंचाविरुद्धची तक्रार त्यांच्याकडे कोण नेणार?)

‘चार पैसे घेऊन दावा लिहून देतो’ हा मोह पहिल्याच दिवशी मोडा. वकिली फक्त वकिलानेच करायची. सनद नसताना कोर्टात वकिली केली तर १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. स्वयंसेवकाने कागद जुळवावेत, सोबत जावं आणि समजावून सांगावं. लोकन्यायालयात तर हे समजावणंच मोठं काम आहे. तिथल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून अंगठा उठवण्याआधी ओळ न् ओळ अहिराणीत नाहीतर पावरीत वाचून दाखवावी आणि ‘आता तुम्ही सांगा, काय ठरलं?’ असं पक्षकाराकडूनच वदवून घ्यावं.