स्टेंटनंतरच्या सोनोग्राफीला निघताना

कॅन्सरच्या गाठीने पित्तनलिका, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळी, अडली की वाट मोकळी ठेवायला तिच्यात स्टेंट बसवतात. त्यानंतरच्या तपासणीची ही तयारी. आधी फाइल. ती आदल्या रात्रीच लावून ठेवा, सकाळी शोधाशोध नको. सगळ्यात वर ईआरसीपीचा, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट बसवला त्या प्रक्रियेचा, कागद हवा, कारण स्टेंट कधी बसवला आणि तो प्लॅस्टिकचा की धातूचा, हे त्यातच लिहिलेलं असतं. प्लॅस्टिकची नळी जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर रुंद, साधारण तीन महिन्यांत गाळाने तुंबू लागते. धातूची जाळी उघडल्यावर सहसा दहा मिलिमीटरपर्यंत रुंदावते आणि जास्त दिवस चालते, पण कॅन्सरची गाठ तिच्यातही शिरू शकते. आत्याच्या वेळी आम्ही हा कागद घरी विसरलो. डॉक्टरांनी ‘स्टेंट कोणता?’ विचारलं आणि आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

त्याखाली मागच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट ठेवा. स्टेंट चालू असूनही पित्तनलिका थोडी फुगलेली राहू शकते, म्हणून आजचं माप मागच्याशी ताडून बघावं लागतं. रिपोर्टात पित्तनलिकेत हवा असल्याचं लिहिलेलं असेल तर दचकू नका. आतड्यातली हवा स्टेंटमधून वर जाते, म्हणजे बहुधा वाट मोकळी आहे. उलट आधी दिसणारी हवा नाहीशी झाली आणि नलिकाही फुगली, तर स्टेंट तुंबल्याची शंका येते. बिलीरुबिनचे (रक्तातली कावीळ मोजणाऱ्या तपासणीचे) जुने-नवे आकडे, केमोची शेवटची तारीख आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नावही बरोबर असू द्या.

पोट सहा ते आठ तास रिकामं हवं. दुधाचा चहासुद्धा नको, एरवी ‘फक्त अर्धा कप’ म्हणून तोच आत जातो. च्युइंगमही नको, हवा गिळली जाते आणि पडद्यावर सगळं धूसर होतं. मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या, इन्सुलिनचं काय करायचं ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. कपडे सैल, वर-खाली वेगळे.

गेल्या आठवड्यात लघवी गडद झाली, शौच पांढुरकं झालं, खाज वाढली, डोळे पुन्हा पिवळे दिसले, तर तारखेनिशी चिठ्ठीवर लिहून न्या. पेशंट स्वतः सांगत नाहीत. त्यांना सगळं ‘बरं आहे’ असतं. थंडी वाजून ताप आला तर मात्र सोनोग्राफीच्या तारखेची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट इमर्जन्सीत न्या. पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो.

डबा जरूर न्या, पण रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका. स्टेंट बदलायचा ठरला आणि त्याच दिवशी ईआरसीपी करू म्हणाले, तर दोन पोळ्यांपायी पुन्हा सहा-आठ तास थांबावं लागेल.